ब्लॉक कितीचा मिळाला?

माझे बाबा रेल्वेत होते, ओव्हरहेड वायरच्या खात्यात, कल्याणला. त्यामुळे लहानपणी आमच्या घरी रविवार असा नव्हताच. म्हणजे कॅलेंडरवर लाल अक्षरात असायचा, आई मटण पण आणायची, पण बाबा नसायचे. लोकांना सुट्टी तेव्हा रेल्वेला काम, गाड्या कमी तेव्हा वायरला हात लावायचा, हे आम्हाला इतक्या लवकर कळलं होतं की बाकीच्यांचे बाबा रविवारी घरी लुंगीवर पेपर वाचत बसतात याचंच मला आश्चर्य वाटायचं. मेगाब्लॉक हा शब्द तेव्हा आतासारखा दर शनिवारी पेपरात यायचा नाही. घरात नुसता 'ब्लॉक' म्हणायचे, म्हणजे वायरच्या कामासाठी गाड्या थांबवायची ठरलेली वेळ. "उद्या ब्लॉक आहे" म्हटलं की आई पहाटे चारला उठून डबा करायची, विषय संपला.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे परवा ऑफिसमधल्या एका नव्या पोराने विचारलं, सर तुम्ही कधी डेटा सेंटर मायग्रेशन केलंय का, म्हणजे खरं, ट्रकमधून? केलंय म्हटलं, कंपनीचे सगळे सर्व्हर एका जागेतून दुसरीकडे नेलेत. एकदाच. आणि डाउनटाइम किती होता, म्हणजे किती वेळ काम बंद? दोन तास दहा मिनिटं. तो म्हणाला वा, भारी. मीही हो भारी म्हटलं आणि लॅपटॉप उघडला. पण तेव्हापासून तो आकडा डोक्यात फिरतोय, कारण तो आकडा खरा आहे आणि तरीही काहीतरी चुकतंय.

तर २०१२ चा ऑगस्ट. मी तेव्हा औषधं वितरण करणाऱ्या एका कंपनीत होतो. अंधेरीजवळ मरोळला हेड ऑफिस, भिवंडीत मोठं गोडाऊन आणि राज्यभर १४ डेपो. डेपोत बिल फाडलं की ते थेट मरोळच्या सर्व्हरवर नोंदलं जायचं. म्हणजे मरोळ बंद तर बिलं बंद, भिवंडीत ट्रक उभे, आणि तिकडे अकोल्याचा एखादा मेडिकलवाला दर दहा मिनिटांनी फोन करून आईबापाचा उद्धार करतोय. आणि हा सगळा डोलारा कशावर उभा होता, तर तळमजल्यावरच्या एका खोलीवर. दोन एसी, एक यूपीएस, सहा रॅक म्हणजे सर्व्हरची कपाटं. तळमजल्यावर! २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मिठी नदीचं पाणी आमच्या त्या खोलीतही आलं होतं, सगळ्यात खालच्या सर्व्हरपर्यंत. मी आणि जनरेटरवाले काका, आम्ही दोघांनी रात्रभर यूपीएसच्या बॅटऱ्या टेबलावर चढवल्या होत्या. एकेक बॅटरी म्हणजे गव्हाचं पोतं. त्यानंतर दर पावसाळ्यात 'सर्व्हर हलवायला पाहिजेत' अशी चर्चा व्हायची आणि दर ऑक्टोबरमध्ये पाण्याबरोबर ओसरायची. शेवटी सात वर्षांनी हलवायला लागले ते पावसामुळे नाहीच, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली म्हणून. मार्चपर्यंत जागा खाली करा. नवीन जागा ठरली नवी मुंबईत महापेला, एका तयार डेटा सेंटरमध्ये भाड्याने चार रॅक.

बॉसने मॅनेजमेंटपुढे प्रेझेंटेशन केलं, त्यात पहिल्याच स्लाइडवर 'झिरो डाउनटाइम'. आणि खाली एक जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो. अमेरिकेत इंडियानापोलिसला १९३० साली टेलिफोन कंपनीची आख्खी बिल्डिंग, ११,००० टनांची, सरकवली होती, सरकवली आणि वर ९० अंशात फिरवली सुद्धा. आत ६०० माणसं रोज कामावर येत होती, टेलिफोन एक दिवस बंद पडला नाही. पाणी, गॅस, वीज, सगळ्या लाइनी लांबवून लवचिक केलेल्या, बिल्डिंग फिरतेय तशा त्या पण फिरतायत. फोटो जबरदस्त आहे, नाही म्हणत नाही. बॉस म्हणाला, त्यांनी १९३० मध्ये केलं, आपण चार रॅक हलवतोय. मी म्हटलं सर, त्यांनी साधारण महिनाभर घेतला, आणि बिल्डिंग दीडएकशे फूटच हलली, आपल्याला मरोळहून महापेला जायचंय, मध्ये पवईचं ट्रॅफिक आहे. मग 'झिरो'चं 'मिनिमल' झालं. मिनिमल म्हणजे किती ते मात्र कुणी लिहिलं नाही.

आमच्या धंद्यात याचं गणित नऊच्या आकड्यात करतात. ९९.९ टक्के चालू म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद चालेल. ९९.९९ म्हणजे वर्षाला ५२ मिनिटं. पुढे अजून एक नऊ लावला की सव्वापाच मिनिटं, वर्षाला! प्रत्येक नऊ लावायला आधीपेक्षा कितीतरी जास्त पैसा लागतो, आणि मॅनेजमेंटला सगळे नऊ हवे असतात, पैसे मात्र पहिल्या नऊचे द्यायचे असतात.

त्या रात्री घरी जेवताना मी बाबांना सांगितलं की आमचं डीसी (डेटा सेंटर) हलवायचंय. बाबा रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती. म्हणाले, डीसी? अरे डीसी तर आता जातेय, सगळं एसी होतंय. मला दोन मिनिटं कळेना. मग लक्षात आलं, ते त्यांच्या विजेच्या डीसीबद्दल बोलतायत. मुंबईची लोकल १९२५ पासून १५०० व्होल्ट डीसीवर धावत होती आणि ती २५,००० व्होल्ट एसीवर न्यायचं काम बाबांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांपासून चालू होतं. पश्चिम रेल्वेचं त्याच वर्षी चर्चगेटपर्यंत पूर्ण झालं होतं, आमच्या मध्य रेल्वेचं अर्धवट. मी म्हटलं तसं नाही बाबा, सर्व्हर, कॉम्प्युटर, इकडून तिकडे. चालू असताना? म्हटलं जवळजवळ. त्यांनी भात कालवता कालवता विचारलं, "ब्लॉक कितीचा मिळालाय?"

मला एवढा सरळ प्रश्न ऑफिसात तोपर्यंत एकानेही विचारला नव्हता.

मग आमचं रोज रात्री त्यावरच बोलणं सुरू झालं. त्यांनी मला डीसी-एसीचं काम नीट समजावलं, जे मी इतकी वर्षं त्या घरात राहून कधी विचारलं नव्हतं. व्होल्टेज वाढवलं की तेवढ्याच ताकदीला करंट कमी लागतो, त्यामुळे वायर बारीक चालते, सबस्टेशनं कमी लागतात, म्हणून बदलायचं. पण ७५ वर्षं चाललेली गोष्ट एका रविवारी कशी बदलणार? तर आधी इन्सुलेटर बदलून घेतले, एसीला चालतील असे, पण वीज डीसीचीच. मग जुन्या पुलांखाली वायर आणि पूल यातलं अंतर कमी पडत होतं तिथे कुठे पूल उचलले, कुठे रूळ खाली घेतले. मग दोन्ही विजेवर धावतील अशा गाड्या आणल्या, त्या धावायला लागल्या जुन्याच विजेवर, पब्लिकला पत्ता नाही. मग एक तुकडा एसी, पुढचा तुकडा डीसी, मध्ये एक जागा विजेशिवायची, तिथून गाडी नुसत्या वेगावर सरकते. सगळं आधीच बदलून झालेलं असतं रे, बाबा म्हणाले, ब्लॉकमध्ये फक्त शेवटचं कनेक्शन. ब्लॉकमध्ये विचार करायचा नसतो.

माझा पुढच्या पाच महिन्यांचा प्लॅन तिथे ठरला. बॉसला वाटतं कुठल्यातरी कन्सल्टंटचं वाचून ठरला.

पहिलं काम मोजणी. एक्सेल शीट म्हणत होती ६३ सर्व्हर. आम्ही एकेका केबलला हात लावत मोजले तर ७१. जास्तीचे आठ कुणाचे? त्यातला एक तर सर्व्हर रूममध्ये नव्हताच, अकाउंट्सच्या जिन्याखाली एक जुना डेस्कटॉप, वर कागद चिकटवलेला, 'कृपया बंद करू नये'. कुणी चिकटवला माहीत नाही, का ते माहीत नाही, पण २००६ पासून कुणी बंद केलेला नव्हता, आपल्याकडे अशा कागदाला फार मान असतो. शोध घेतला तेव्हा कळलं की तो रोज रात्री दोन वाजता नवीन किंमतींची यादी सगळ्या डेपोंना पाठवतो. ज्याने बनवला तो पोरगा कधीच नोकरी सोडून कॅनडाला गेलेला. म्हणजे कंपनीच्या औषधांचे भाव जिन्याखालच्या त्या डब्यावर अवलंबून, शेजारी झाडू.

बाकीच्या अनोळखी मशिनींसाठी सोपी टेस्ट असते, नेटवर्कची वायर काढायची आणि कोण ओरडतंय ते बघायचं. आम्ही एकाची काढली. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस, कुणी ओरडलं नाही. अकराव्या दिवशी मी मोठ्या रुबाबात शीटवर 'भंगार' लिहिलं. बाराव्या दिवशी महिनाअखेर होती आणि अकाउंट्सच्या मॅडम सरळ माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या. व्हॅटचं रिटर्न त्या मशीनवरून बनायचं, महिन्यातून एकदा. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, ही टेस्ट करायची तर एक महिनाअखेर मध्ये आली पाहिजे, जमलं तर मार्च पण. या मॅडम पुढे माझ्या सगळ्यात मोठ्या आधार झाल्या, पण त्या दिवशी त्यांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे जुन्या डिस्क. एक सर्व्हर चार वर्षं एकदाही बंद झाला नव्हता. आमच्यात याचा लोकांना अभिमान असतो, मलाही होता. पण वर्षानुवर्षं गरगर फिरणारी डिस्क एकदा थांबली, गार झाली, की परत फिरेलच असं नसतं. आतलं वंगण घट्ट होतं, डेटा वाचणारं हेड चिकटतं. म्हाताऱ्या माणसाला फार वेळ खुर्चीत बसवलं की उठताना जे होतं ते. म्हणून आम्ही नोव्हेंबरमध्ये एका रविवारी पूर्ण बॅकअप घेऊन सगळं मरोळलाच मुद्दाम बंद केलं आणि परत चालू केलं. ज्याला मरायचंय त्याने इथेच मरावं, ट्रकमधून उतरल्यावर नको. तीन डिस्क उठल्या नाहीत. ट्रकनंतर हे झालं असतं तर आम्ही रस्त्यातल्या खड्ड्यांना दोष देत बसलो असतो आणि पूर्ण रात्र गेली असती.

मग डेटा. चार टीबी. दोन्ही जागांमध्ये आम्ही १० एमबीपीएसची लाइन घेतली होती, त्यावरून चार टीबी पाठवायला ३७ दिवस लागतात, तेही लाइन एक मिनिट न तुटता. म्हणून पहिली पूर्ण कॉपी डिस्कवर घेऊन कुलूपबंद करून गाडीने नेली, मरोळ ते महापे दीड तास. त्यानंतर रोज जे बदलेल तेवढंच लाइनवरून. बिलिंगच्या डेटाबेसचं तर प्रत्येक बिल फाडलं की त्याची नोंद काही मिनिटांत महापेच्या कॉपीत लागायची. डिसेंबरपर्यंत महापेला आमची एक पूर्ण जुळी कंपनी उभी होती, दहा मिनिटं मागे चालणारी, कुणाला न दिसणारी. बाबांच्या त्या दोन्ही विजेवर चालणाऱ्या गाड्यांसारखी.

आणि पत्ता. घर बदललं की दूधवाला, पेपरवाला, गॅसवाला सगळ्यांना सांगावं लागतं, तसं सर्व्हरचा पत्ता बदलला की डीएनएसमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या पत्त्यांच्या वहीत, बदलायचा. पण लोकांचे कॉम्प्युटर जुना पत्ता लक्षात ठेवून बसतात, किती वेळ ते आपणच ठरवलेलं असतं. आमच्याकडे होतं ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण दिवस. आधीच्या आठवड्यात ते ३०० वर आणलं, पाच मिनिटं. हे जर ऐन वेळी आणलं तर उपयोग शून्य, कारण ज्याने कालच विचारलाय तो आज परत विचारायला येत नाही. एवढं सगळं करूनही सोमवारी नांदेडहून फोन आलाच, बिल जात नाही. तिथल्या कॉम्प्युटरवर २००८ साली कुणीतरी पत्ता हाताने लिहून ठेवला होता, कायमचा. असो, पंधरा मिनिटांचं काम.

तारीख ठरवताना खूप वाद झाले. महिनाअखेर नको, मार्च जवळ नको, पावसाळा नकोच नको. २०१३ चा २६ जानेवारी शनिवारी येत होता, पुढे रविवार. डेपो दोन दिवस बंद. दोन रंगीत तालमी झाल्या होत्या, पहिल्यांदा डेटाबेस महापेला नीट उभा करायला चार तास चाळीस मिनिटं लागली, दुसऱ्यांदा अडीच तासांच्या आत झालं. शुक्रवार २५ ची रात्र, नऊ ते साडेअकरा, अडीच तासांचा ब्लॉक. बाबा म्हणाले, "आणि बर्स्ट झाला तर?" ब्लॉक बर्स्ट होणं म्हणजे दिलेल्या वेळेत काम न संपणं, रेल्वेत याच्याइतकी वाईट शिवी नाही. मी म्हटलं नाही होणार. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. अर्ध्या वेळेला घड्याळ बघायचं, अर्धं काम झालं नसेल तर तिथूनच गुंडाळायला लागायचं, मग कुणीही सांगू दे पाचच मिनिटं राहिलीत. पाचच मिनिटं राहिलीत असं सांगणारा माणूस सगळ्यात घातक, म्हणाले. मी प्लॅनमध्ये लिहिलं, १०:१५, निर्णय.

डेपोंना साडेआठला बिलिंग थांबवायला सांगितलं होतं. मॅडमनी साडेआठला सगळ्या १४ डेपोंच्या शेवटच्या बिलाचा नंबर आणि क्लोजिंग स्टॉकची छापील यादी काढून ठेवली. आमच्याकडे तपासायला स्क्रिप्ट होत्या, हजारो ओळी मोजणाऱ्या, पण मॅडम म्हणाल्या तुमची स्क्रिप्ट तुम्ही चालवा, मी माझ्या यादीवर टिक करणार. नऊला मरोळचा डेटाबेस बंद केला. शेवटचे बदल लाइनवरून महापेला गेले. नऊ पस्तीसला महापेचा उघडला. मॅडम मरोळला बसून एकेक नंबर वाचायला लागल्या आणि महापेहून माझा ज्युनियर फोनवर हो हो म्हणत होता. दहा वाजून दहा मिनिटांनी १३ डेपो जुळले. सांगली नाही. एका बिलाचा फरक. महापेला एक बिल जास्त!

कमी असतं तर कळलं असतं, शेवटचे बदल पोचले नाहीत. जास्त कुठून आलं? १०:१३. बॉस मागे उभा, म्हणतोय एका बिलाचंच आहे ना, बघू नंतर, पाचच मिनिटं राहिलीत. अगदी हेच शब्द. मला घाम. मॅडमनी त्यांच्या मोबाइलवरून सांगलीच्या डेपोवाल्या काकांना घरी फोन लावला, स्पीकरवर. ते जेवत होते. "हां मॅडम, ते आठ पन्नासला एक फाडलं, हॉस्पिटलचा माणूस आलावता इंजेक्शनला, त्याला काय सोमवारी ये म्हणू?" मॅडमनी पेनने यादीवर नंबर खोडून पुढचा लिहिला, टिक केली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, झालं, करा चालू. चूक सर्व्हरची नव्हतीच, आमच्या साडेआठची होती. बाकीच्या तपासण्या करून अकरा वाजून दहा मिनिटांनी महापेवरून पहिलं टेस्ट बिल निघालं. खरं बिल एकदा तिथे फाटलं की मागचे दोर कापलेले, जुन्या डेटाबेसकडे परत जाता येत नाही. अकरा-दहा. रिपोर्टात गेलेला आकडा तो.

पण रात्र तर आत्ता सुरू होत होती. जे आधी नेता येत नव्हतं, म्हणजे मेल, हजेरी, पगार आणि जुनं बरंच काही, अशा २७ मशिनी ट्रकने जायच्या होत्या. केबलिंगच्या कॉन्ट्रॅक्टरची चार पोरं होती, कळवा-मुंब्र्याची, सगळ्यात मोठा २६ चा असेल. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना नंबर, प्रत्येक रॅकचा पुढून-मागून फोटो. डिस्क काढून प्रत्येकीवर टेप लावून मार्करने ०, १, २, ३, कारण त्यांचा क्रम चुकला की पंचाईत. लोखंड ट्रकमध्ये आणि डिस्क फोममध्ये घालून माझ्याबरोबर कारमध्ये. एक वाजता निघालो. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, पवई, मग हायवेने ऐरोली नाका. आणि तिथे नाकाबंदी. २५ जानेवारीची रात्र, उद्या प्रजासत्ताक दिन, तारखेवर एवढे वाद घालून हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं! हवालदाराने डिकी उघडायला लावली तर आत काळे डबे, पांढऱ्या टेपवर नंबर, शेजारी वायरींची पिशवी. मीच तो असतो तर मला धरलं असतं. चलान दाखवलं, इन्शुरन्स दाखवला, कंपनीचं पत्र दाखवलं. त्याने टॉर्च मारत विचारलं, यात काय आहे पण? म्हटलं साहेब, डेटा. डेटा म्हणजे? म्हटलं बिलं, हिशोब, लोकांचे पगार. "पगार यात आहेत?" हो, ७०० लोकांचे. त्याने डिकी स्वतःच्या हाताने हळूच लावली. म्हणाला, मग सावकाश जावा, पुढं ब्रिजवर जॉइंटला आपटतं.

महापेला गेटवर सीरियल नंबर जुळवण्यात पाऊण तास. एका मशीनच्या नंबरात आठच्या जागी बी लिहिलेला, सिक्युरिटीवाला आत सोडेना. त्याचं बरोबर होतं, मला तेव्हा वाटलं नाही. आत हॉलमध्ये पुठ्ठा न्यायचा नाही, धूळ आणि आगीची भीती, म्हणून सगळी खोकी बाहेरच फोडायची. पाणी नाही, खाणं नाही. आणि थंडी! बाहेर जानेवारी, आत एसीचा वारा, त्या चार पोरांच्या अंगात टीशर्ट. मी स्वेटर आणला होता, त्यांना आणायला सांगायचं माझ्या २१ पानी प्लॅनमध्ये राहिलं होतं. आता लोक म्हणतात क्लाउड आहे, बटण दाबलं की झालं. ठाणे-बेलापूर रोडने कधी जा, तो क्लाउड तिथे बिल्डिंगा करून जमिनीवर बसलाय, आणि आत कुणीतरी टीशर्टवर कुडकुडत वायर लावतंयच.

दोन ठिकाणी घोडं अडलं. नवीन रॅकमधले सॉकेट वेगळे, आमच्या जुन्या मशिनींच्या वायरींना साधी थ्री-पिन. त्यासाठी लागणाऱ्या वायरी मी मोजून आणल्या होत्या, पण रॅकच्या भोकांत बसवायचे चौकोनी नट, केज नट, ते कमी पडले. पहाटे तीनला महापेत केज नट कुठून आणायचे? त्यातल्या सगळ्यात लहान पोराने पँटच्या खिशातून मूठभर काढून दिले. कुठून आले? म्हणाला, सर मरोळचे जुने रॅक खोलले ना, टाकणार होते, मी उचलले. नट बोटांनी दाबून बसवायचे असतात, त्याच्या अंगठ्याची साल निघाली होती, चिकटपट्टी म्हणून आमचीच लेबलची टेप गुंडाळलेली. त्यावर नंबर होता, १४.

दुसरं म्हणजे मेलचा सर्व्हर. चालू झाला, डिस्क दिसतायत, नेटवर्क आहे, पण कुणालाच आत घेत नाही. चाळीस मिनिटं आम्ही केबल बदल, पोर्ट बदल, पासवर्ड बदल. मग ज्युनियर म्हणाला, सर याच्यात तारीख काय दाखवतंय बघा. १ जानेवारी २०००. आतला छोटा गोल सेल, हातातल्या घड्याळात असतो तसला, मेलेला होता. वीज होती तोपर्यंत कुणाला कळलं नाही, वीज काढली आणि मशीन तेरा वर्षं मागे. आणि लॉगिनची जी सिस्टिम असते ती पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असलेल्या घड्याळावर विश्वास ठेवत नाही. हाताने तारीख घातली, झालं. नोव्हेंबरच्या तालमीत हे का नाही सापडलं? कारण तेव्हा आम्ही मशीन बंद केलं होतं, पण वायर भिंतीतून काढली नव्हती. बाबा तिथे असते तर म्हणाले असते, डिस्चार्ज केलं नाहीस, म्हणजे हात लावण्याआधी उरलीसुरली वीज काढून टाकली नाहीस.

शनिवारी दुपारी दोनला सगळं वर आलं. चारही पोरं बाहेर पायरीवर बसून वडापाव खात होती, एक तर वडापाव हातात धरूनच झोपला होता. मी रिपोर्ट लिहायला घेतला. 'बिलिंग डाउनटाइम: २ तास १० मिनिटं.' लिहून बघत बसलो. बॉसच्या स्लाइडवरचा तो फोटो आठवला. त्या बिल्डिंगच्या खाली जॅक होते, हाताने फिरवायचे, माणसं ते ठोक्यावर एकदम फिरवायची, एका ठोक्याला बिल्डिंग इंचाच्या कितव्यातरी भागाने पुढे. आत ६०० माणसं होती हे सगळीकडे लिहिलेलं असतं, जॅकवर किती होती ते बघायला मला मुद्दाम शोधावं लागलं. डाउनटाइम कमी होतो असं आपण म्हणतो. मला वाटतं तो कमी होत नाही, सांगलीच्या माणसाचा टळतो आणि दुसऱ्या कुणाच्यातरी घरी जातो. माझ्या पोरीचं डिसेंबरचं गॅदरिंग तालमीच्या रविवारी होतं, ती झाड झाली होती, मला तिचा डायलॉग अजून माहीत नाही. रिपोर्टात त्याचा रकाना नसतो, असावा असंही नाही, पण नसतो एवढं खरं.

रविवारी दुपारपर्यंत महापेला थांबून, सगळं शांत आहे बघून निघालो. घणसोलीहून ठाणे, ठाण्याहून डोंबिवली. ठाण्याला प्लॅटफॉर्म ओसंडलेला, मेगाब्लॉक. माझ्या बाजूचा माणूस रेल्वेला शिव्या घालत होता, रविवारी पण सुखाने जाऊ देत नाहीत. दिवा स्टेशनच्या पुढे गाडी मुंगीच्या चालीने. बाजूच्या रुळावर टॉवर वॅगन उभी, वर वायरला हात लावून दोघं, खाली नारिंगी जॅकेटं, एकजण रुळाच्या कडेला डबा उघडून उकिडवा बसलेला. मी दारात होतो. त्याने वर बघितलं नाही.

घरी बाबा टीव्हीसमोर. आईने पाणी दिलं. बाबांनी आवाज बारीक केला.

"किती वाजता क्लिअर केलास?"

"अकरा-दहा."

"साडेअकराचा होता ना?"

"हो. वीस मिनिटं आधी."

त्यांनी मान हलवली, दोनदा. आईला म्हणाले चहा टाक. मग रिमोट हातात तसाच धरून म्हणाले, "आणि ती पोरं? त्यांना उद्याची सुट्टी दिलीस ना?"

मी दिली नव्हती. सोमवारी सकाळी आठला मरोळला जुने रॅक खोलायला बोलावलं होतं. चहा यायच्या आत बाहेर गॅलरीत जाऊन फोन लावला.